दोन मिलिमीटरनं काय होतं? जुन्या गाडीचे ब्रेक आणि चाकं : वाचकांचे प्रश्न

जुन्या गाडीचे ब्रेक वाढवायचे, चाकं बदलायची, यावर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. साताऱ्यात गॅरेज चालवताना एक गोष्ट सतत दिसते. माणूस चाकं आधी विकत घेतो आणि पीसीडी म्हणजे काय ते नंतर विचारतो. बोल्टच्या भोकांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ४×१०० म्हणजे चार भोकं आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

माझ्याकडे २००६ ची मारुती ८०० आहे. पायडल पहिल्या दाबाला खाली जातं, दुसऱ्यांदा मारलं की वर येतं. मित्र म्हणतो, मोठी डिस्क टाक. (कोरेगाव)

डिस्कचा इथे काहीच संबंध नाही. पंप केल्यावर पायडल वर येतं म्हणजे बहुतेक वेळा मागच्या ड्रममध्ये लायनरचं (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीचं) अंतर वाढलेलं असतं किंवा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. पाय दाबून धरल्यावर पायडल हळूहळू बुडत असेल, तर मास्टर सिलिंडर (पायडलच्या जोरानं ऑइल पुढे ढकलणारा भाग) आतून पास होतोय, म्हणजे ऑइल आतल्या आत गळतंय. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरच्या (चाकापाशी लायनर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड उचलून बघायला सांगा. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. लायनर ऑइलनं भिजला असेल तर पेट्रोलनं धुऊन परत लावू देऊ नका, दोन्ही बाजूंचे बदला. आणि ही गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

डॉट ३ च्या जागी डॉट ५ ब्रेक ऑइल घातलं तर जास्त चांगलं का? (फलटण)

नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला.

माझ्या २००४ च्या फियाट पॅलिओवर ४×१०० चे अलॉय बसवलेत. पॅलिओचा पीसीडी ४×९८ आहे हे मला नंतर कळलं. दुकानदार म्हणतो, बोल्ट गेले ना आत, दोन मिलिमीटरनं काही होत नाही. सहा महिने झाले, खरंच काही झालेलं नाही. ठेवू का? (शाहूपुरी, सातारा)

ठेवू नका. आणि ‘काही होत नाही’ हे कोणी सांगितलं, यापेक्षा काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो.

तुमच्या हबवरची (चाक ज्यावर बसतं त्या भागावरची) भोकं मध्यापासून ४९ मिलिमीटरवर आहेत, अलॉयची ५० वर. पहिला बोल्ट आवळला की चाक सरकतं आणि त्या बोल्टाशी जुळतं. मग समोरचा बोल्ट पुरे दोन मिलिमीटर चुकतो. पान्याचा जोर लावला की तो तिरका होऊन आत जातो, आणि आत गेला म्हणून आपण म्हणतो, बसला.

चाक बोल्टांवर लटकलेलं नसतं. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि चाकाला हबच्या तोंडावर दाबून धरतो. ब्रेकचा आणि खड्ड्याचा जोर त्या दाबातून होणारं घर्षण सोसतं. त्यासाठी बोल्टाच्या डोक्याखालचा निमुळता शंकू अलॉयच्या खोबणीत चहूबाजूंनी टेकला पाहिजे. तिरका बोल्ट एकाच कडेवर टेकतो. टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) आकडा बरोबर दाखवतो, पण त्यातला बराच जोर ती कड घासण्यात गेलेला असतो. पुढे कड दबते, ताण उतरतो, चाक हबवर केसभर सरकायला लागतं आणि बोल्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो, थोडा सरळ होतो. तार हातानं पुढंमागं वाकवून तोडतो, तेच इथे घडत असतं. तार पहिल्या दहा वेळा वाकते तेव्हा तिलाही ‘काही झालेलं नसतं’.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक पॅलिओ माझ्याकडे आली. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं अशी तक्रार, तीनदा बॅलन्सिंग करून झालेलं. पुढच्या डाव्या चाकाचे चार बोल्ट काढले, पुसले आणि बाकावर ओळीनं मांडले. चारही शंकूंवर एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी चकचकीत पट्टी, दुसरी बाजू नव्यासारखी काळी. चौथ्या बोल्टावर, जिथे आटे सुरू होतात तिथे, नख अडकेल एवढी बारीक चीर. गृहस्थ आठवडाभरापूर्वी घरच्यांना घेऊन पाचगणीहून पसरणी घाट उतरून आले होते. मी तो बोल्ट त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ त्या चिरेवरून नख फिरवत उभे राहिले.

दुसरी बाब मधल्या भोकाची. फियाटच्या हबचा मधला उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक पुष्कळदा बरंच मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना खपवता येतं. अशा वेळी अचूक मापाची रिंग घालून चाक मध्यावर आणावं लागतं. तुमच्याकडे रिंगही नाही आणि बोल्टही तिरके, मग चाक मध्यावर राहणार कशानं?

सरकत्या शंकूचे ‘वोबल’ बोल्ट मिळतात, ते एवढ्या फरकासाठीच बनवलेले असतात. पण त्यांची धातूची प्रत आणि लांबी ओळखणारा माणूस समोर असल्याशिवाय ते घेऊ नका. नाव नसलेल्या पाकिटातले तर मी कोणाच्याच गाडीला लावणार नाही. तुमची जुनी लोखंडी चाकं असतील तर आजच चढवा. चारही चाकांचे सोळा बोल्ट नवे घ्या, जुने परत वापरू नका, आणि हबचे आटे जाणकार माणसाकडून तपासून घ्या. नंतर अलॉयच हवेत तर ४×९८ चेच शोधा. मिळायला महिना लागला तरी लागू दे.

कॅलिपरवर (डिस्कला पॅडनं पकडणाऱ्या भागावर) लाल कव्हर लावल्यानं ब्रेक थंड राहतात का? (कऱ्हाड)

उलट आहे, हवा अडते. काढून टाका.

मारुती ८०० चा पीसीडी ४×११४.३. मला ४×१०० चे तेरा इंची अलॉय स्वस्तात मिळतायत. एक जण हब आणि चाकाच्या मधे बसणारी अडॅप्टर प्लेट देतो म्हणतो, लेथवाला म्हणतो हबलाच नवी भोकं पाडून देतो. कोणतं बरं? (इस्लामपूर)

दोन्ही नकोत.

लेथवाल्याचं आधी. ११४.३ आणि १०० या वर्तुळांत मध्यापासून फरक सात मिलिमीटरच्या आसपास, आणि स्टडचं (ज्यावर चाकाचा नट बसतो त्या खिळ्याचं) भोक बारा मिलिमीटरच्या घरातलं. त्याच जागी पाडलं तर नवं भोक जुन्यात शिरणार, म्हणून तो दोन जुन्या भोकांच्या मधोमध पाडेल. हबला तिथे पुरेसं लोखंड आहे का, कडेपासून अंतर किती उरतं, हे त्यानं मोजलंय का? जुनी भोकं वेल्डिंगनं बुजवून देतो म्हणाला, तर तिथून लगेच निघा.

अडॅप्टर प्लेटनं चाक तिच्या जाडीएवढं बाहेर जातं. बेअरिंगवरचा भार वाढतो, वळणावर टायर मडगार्डला घासतो, आणि आतले नट चाकाखाली झाकले जातात. ते सैल झाले तर चाक काढल्याशिवाय कळत नाही. स्वस्त चाकांच्या पायी एवढं ओढवून घेऊ नका. पीसीडी मोजायचं शिकून घ्या. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. पाच भोकांच्या चाकात शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर गुणिले १.७०१. मापपट्टीनं ९८ आणि १०० मधला फरक हुकतो, व्हर्नियर वापरा.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, चारही ड्रम. पुढे डिस्क बसवायची आहे. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर मिळालेत. (विश्रामबाग, सांगली)

वडिलांची गाडी रस्त्यावर ठेवावी असं वाटतं, याचा आनंद आहे. पण कॅलिपर मिळाले म्हणजे काम चौथाईसुद्धा झालं नाही.

ड्रममध्ये लायनर फिरत्या ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि आपला आपण जास्त दाबला जातो. डिस्कला ही मदत नाही, तिला लाइनमध्ये जास्त दाब लागतो. म्हणजे मास्टर सिलिंडर आणि बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा डबा) यांचा हिशेब आला. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये पुष्कळदा लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. ती तशीच ठेवून डिस्क लावली तर पॅड चिकटून राहतात आणि शंभर किलोमीटरमध्ये डिस्क निळी पडते. कॅलिपर कशावर धरणार, हेही महत्त्वाचं. कापलेल्या पट्टीवर वेल्ड केलेलं ब्रॅकेट मला चालणार नाही. कॅलिपर चाकाच्या आत मावतो का, तेही फिरवून पाहावं लागतं.

आणि सगळ्यात आधी पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. मागची आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. म्हणून नुसतं पुढचं एक टोक बदलून भागत नाही.

माझा सल्ला असा. आधी आहेत ते ड्रम नवे करा. ड्रम गोल आहेत का ते मोजून घ्या, लायनर, व्हील सिलिंडर, रबरी होज बदला. ब्रेकची लाइन एकाच सर्किटची असेल, तर पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवता येतो का ते विचारा. एक होज फुटला तरी अर्धे ब्रेक हातात राहतात. ही सुधारणा डिस्कच्या आधीची आहे. मग हे काम पूर्वी करून, चालवून दाखवलेल्या माणसाकडे गाडी न्या आणि त्यानं केलेली गाडी स्वतः चालवून बघा.

कासहून यवतेश्वर घाट उतरताना जळका वास आला आणि पायडल मऊ झालं. खाली आल्यावर ठीक. महागडे पॅड घेऊ? (सातारा)

पॅड नंतर. पायडल मऊ होणं म्हणजे बहुधा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या ऑइलची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. शेवटचं कधी बदललंत? आठवत नसेल तर तेच उत्तर आहे. याच आठवड्यात बदला, थांबू नका, आणि पुढे दर दोन वर्षांनी. कॅलिपरच्या पिना जाम आहेत का तेही पाहायला सांगा.

दुसरं, ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारी माणसं मी अजून पाहतो. इंजिन बंद झालं की बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पायडल दगडासारखं होतं.

चाकं आणि ब्रेक बदलले तर पासिंगला अडचण येईल का? पंधरा वर्षं पूर्ण होतायत. (मिरज)

येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. खर्च करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

योग्य पीसीडीचे अलॉय लावले, स्टेपनी मात्र लोखंडीच आहे. चालेल ना? (वाई)

चालेल, पण बोल्ट तपासा. अलॉय जाड असतं म्हणून पुष्कळदा त्याचे बोल्ट लांब असतात. तेच पातळ लोखंडी चाकाला लावले तर टोक आत ड्रममधल्या भागांना लागू शकतं. उलट जुने आखूड बोल्ट अलॉयला लावले तर आटे पुरेसे धरत नाहीत. बारा मिलिमीटर जाडीच्या, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या बोल्टाचे निदान नऊ-दहा फेरे हातानं आत गेले पाहिजेत. जुने चार बोल्ट कापडात गुंडाळून टूल किटमध्ये ठेवा आणि वर चिठ्ठी लावा, ‘स्टेपनीचे’.