पोतं आधी उघडा, चित्र मग ठरवा

प्रश्न : आमच्या शाळेत सहावी-सातवीची मिळून ४० मुलं आहेत. गावातले दोन शिंपी कातरणाची पोती द्यायला तयार आहेत. मुलांना भिंतीवर गोदावरी उभी करायची आहे. मागच्या वर्षी पुठ्ठ्यावर पांढऱ्या डिंकाने चिंध्या चिकटवल्या, त्या पहिल्याच पावसात लोंबल्या. यंदा कसं करावं? – एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

उत्तर : पांढरा डिंक भिजला की मऊ पडतो, पुठ्ठाही पाणी पितो. म्हणून चिकटवू नका, बांधा. हार्डवेअरच्या दुकानातून एक इंच चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या, ४ बाय ३ फूट. कडेला तारेची टोकं निघतात. ती पकडीने आधीच आत वळवून घ्या, नाहीतर मुलांचे हात ओरबाडतात. मग जाळी बांबूच्या चौकटीवर तारेने आवळा आणि मधोमध एक आडवा बांबू द्याच. सुती चिंध्या भिजल्या की दुपटीहून जड होतात आणि जाळी पोटात झोळ धरते.

एवढ्या जाळीत सुमारे १७०० घरं येतात. प्रत्येक घरात दीड इंच रुंद, आठ इंच लांब अशी एक पट्टी. साध्या सुती कापडाचं हे वजन दोन किलोच्या आसपास भरतं. निवडण्यात बरंच वाया जातं, म्हणून चार किलो जमवा. सुती कापड कात्रीने फक्त टोकाला चिरा आणि टर्रकन फाडा. ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, बोटांना फोडही येत नाहीत. टी-शर्टचं कापड मात्र कापावंच लागतं, आणि ओढलं की त्याच्या कडा गुंडाळतात. नदीच्या काठासाठी तो गुंडाळाच छान दिसतो.

आता गोदावरी. आधी पोती रिकामी करून रंगांचे ढीग लावा आणि प्रत्येक ढीग तोला. जूनमध्ये शिंप्याकडे गणवेशाचंच कातरण जास्त असतं, बाकी ब्लाऊजपीस आणि अस्तर. निळं अर्धा किलोच निघालं तर नदी बारीक ठेवा, काठची काळी रानं मोठी करा. उन्हाळ्यातली गोदावरी तशीच तर दिसते! नदीची कड जाळीवर लोकरीच्या धाग्याने आखा. सगळ्यांनी दर्शनी बाजूनेच बांधायचं; दोघं-चौघं मागून बसले की पैठण उजवीकडे आणि नांदेड डावीकडे जातं.

एका वेळी आठच मुलं चौकटीभोवती मावतात. मिनिटाला एक गाठ धरली तर सहा तासिका लागतील. चौकट व्हरांड्यात उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावा. एप्रिल-मेच्या उन्हात लाल आणि गुलाबी सगळ्यात आधी उडतात.

प्रश्न : साटीनच्या पट्ट्या आपोआप सुटतात. काय करावं? – वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : कापड गुळगुळीत असल्याने गाठ धरत नाही. साटीनची आणि सुती अशा दोन पट्ट्या जोडीने घेऊन दुहेरी निरगाठ मारा. धागे सुटू नयेत म्हणून कडा मेणबत्तीवर जाळायला मुलांना देऊ नका. साटीनमधलं पॉलिस्टर वितळून थेंब होतो आणि तो कातडीला चिकटतो.