उजनीकाठी चिलापीच का उरली? पहिल्या पावसात मासे का मरतात?

प्रश्न : इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतल्या उजनी धरणाच्या काठच्या शेतकऱ्यांनी विचारले आहे, की पहिला पाऊस झाला की पहाटे मासे पाण्यावर तरंगतात, हे विषामुळे होते का? पूर्वीसारखी वाम, शिंगाळा, मरळ जाळ्यात येत नाही, नुसती चिलापी (तिलापिया) येते, ती का? आणि आम्ही काठावर शेती करणाऱ्यांनी काय करावे?

उत्तर : आधी मेलेले मासे नीट बघा, बरेचसे उत्तर तिथेच मिळेल. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेत असतील, ऊन चढल्यावर पुन्हा खाली जात असतील आणि मोठे मासे आधी मरून मरळ मात्र तगून राहत असेल, तर ती ऑक्सिजनची टंचाई आहे. मरळ वरची हवा घेऊन जगते. याउलट दिवसाच्या कोणत्याही वेळी लहान-मोठे सगळेच मरत असतील, मासे गिरक्या घेत असतील, झिंगे आणि पाण्यातले किडेही मेलेले असतील, तर फवारणीच्या औषधाचा किंवा कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय घ्या. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधे अगदी थोड्या प्रमाणातही माशांना घातक असतात आणि झिंगे तर त्यांना माशांहून लवकर बळी पडतात.

ऑक्सिजन कमी कसा होतो? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते. त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते, म्हणून शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. हिरवे पाणी दिवसा ऑक्सिजन बनवते, पण रात्रभर तोच वापरते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी उरतो. रोहू, कटला अशा कार्पवर्गीय माशांना लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, ३ च्या खाली त्यांची वाढ खुंटते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. उजनीच्या एकूण सुमारे ११७ टीएमसी पाण्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न सोडता येणारे तळचे पाणी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापराचे पाणी संपून मृतसाठाही बराच घटला होता. एवढ्या थोड्या, तापलेल्या पाण्यात पहिल्या पावसाने काठावरची घाण आणि कुजलेली जलपर्णी आली, वाऱ्याने तळचे बिनऑक्सिजनचे पाणी वर घुसळले, की एका रात्रीत मासे मरतात. हा एका दिवसाचा अपघात नसतो, त्याची तयारी महिनोन्‌महिने चाललेली असते.

वाम, शिंगाळा दिसेनासे होण्यामागेही असाच एकाहून अधिक गोष्टींचा ताण आहे. शिंगाळा तळाला खळगा करून अंडी घालतो, वाम दगड-वाळूच्या आडोशाला राहते. वाळूउपशाने आणि गाळ साचून ही जागाच गेली. चिलापीचे तसे नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते, वाहते पाणी तिला लागत नाही, वर्षातून अनेक वेळा पिल्ले होतात आणि कमी ऑक्सिजनही ती सोसते. तिने इतर माशांना संपवले असे म्हणणे अर्धसत्य आहे. आधी पाणी बिघडले, मग त्यात जी टिकली तिलाच मोकळे रान मिळाले. अन्न आणि जागेसाठी ती इतरांशी झगडते, हेही खरे.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. माझा सर्वांत जास्त आग्रह गाळपेरीच्या जमिनीबद्दल आहे. पाणी उतरल्यावर काठावर जी पिके घेतली जातात, त्यांना दिलेले युरिया, तणनाशक आणि कीटकनाशक पाणी चढताना थेट धरणात जाते. कृपया पाणी चढण्याच्या सुमारास तिथे फवारणी करू नका. काठालगत गवताचा पट्टा राखा, तो खताचे वाहून जाणे अडवतो आणि मरळ घरटे करते ते अशा गवतातच. तिच्या पिल्लांचा लालसर थवा वर दिसला तर जाळे टाकू नका. आईबाप जवळच राखण करतात, त्यांना पकडले तर पिल्लेही जातात. फवारणी पंप किंवा औषधाच्या बाटल्या पाण्यात धुऊ नका. थाई मांगूर या परदेशी माशावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तो तळ्यात सोडू नका, पुरात तो नदीत जातो.

शेततळ्यात मासे हवा घेऊ लागले तर खाद्य आणि शेणखत ताबडतोब थांबवा. पंपाने पाणी उचलून तळ्यातच फवाऱ्यासारखे पाडा, शक्य असेल तर ताजे पाणी सोडा. ढगाळ, दमट दिवसांत खाद्य निम्मे करा. भर दुपारी हिरव्या पाण्यात चुना टाकू नका. तेव्हा पाण्याचा सामू (पीएच) आधीच चढलेला असतो, चुन्याने तो आणखी वाढून अमोनिया जास्त विषारी होतो.

मासे मेल्यावर त्याच दिवशी नमुना घ्या, उशीर झाला की कारण सापडत नाही. स्वच्छ बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरा, हवा राहू न देता झाकण लावा. नुकतेच मेलेले दोन-तीन मासे बर्फात ठेवा, जागा, वेळ आणि पाण्याचा रंग लिहा, फोटो काढा. मग जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, तक्रारीची पोच घ्या. मेलेले मासे खाऊ किंवा विकू नका, काठापासून दूर खड्ड्यात पुरा.