सिंक्रोमेश असताना 'हील अँड टो' शिकून काय उपयोग? रोजच्या गाडीत जमेल का?

शिका. 'हील अँड टो' म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाने रेस देऊन खालचा गिअर टाकणं; आणि सिंक्रोमेश म्हणजे गिअर सहज पडावा म्हणून गिअरबॉक्सच्या आत बसवलेली यंत्रणा. 'सिंक्रोमेश आहे, आता गरज नाही' हे वाक्य मी टीममधल्या एका सिनियर दादांकडून अख्खा सीझन ऐकलंय, म्हणून लिहितोय.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आम्ही फॉर्म्युला एलजीबी ही एका सीटची रेसिंग गाडी चालवायचो. मारुतीचं १३०० सीसी इंजिन, साधे हाताचे गिअर, ताकद मागच्या चाकांना. मी ब्रेक दाबूनच रेस द्यायचो, तर दादा पिटमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, "हा नुसता आवाज काढतो." पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी प्रॅक्टिसला ते माझ्या पुढे होते. वळणाआधी त्यांनी तिसऱ्यावरून दुसरा टाकला, क्लच सोडला आणि मागची चाकं लॉक झाली. गाडी गर्रकन फिरून गवतात. मी त्याच वळणातून, त्याच गिअरला निघून गेलो. नंतर म्हणाले, ट्रॅक ओला होता. माझ्यासाठी काय कोरडा होता?

सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवतं, इंजिनाचा नाही. तिसऱ्यात ४००० आरपीएमवर (मिनिटाला ४००० फेऱ्या) असलेलं इंजिन दुसऱ्यात त्याच वेगाला साडेपाच हजारांच्या पुढे लागतं. रेस दिली नाही, तर क्लच सोडताच ते वर ओढायचं काम मागच्या टायरवर येतं. ब्रेकमुळे वजन पुढे गेलेलं, टायर आधीच हलके. मग पकड सुटणारच.

चवडा ब्रेकवर, क्लच दाबलेला, आणि पायाच्या उजव्या कडेने रेसला टिचकी. टाचच लागते असं नाही. ब्रेकवरचा दाब मात्र तसूभर हलता कामा नये, सगळी मेहनत तिथेच आहे. फॉर्म्युला वन चॅम्पियन आयर्टन सेन्नाची जपानच्या सुझुका ट्रॅकवरची होंडा एनएसएक्स या स्पोर्ट्स कारची क्लिप लावा आणि फक्त त्याचे लोफरमधले पाय बघा.

"फॉर्म्युला वनमध्ये आता कोण करतं?" असंही दादा विचारायचे. फेरारीने १९८९ मध्ये स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायचे पॅडल आणले, मान्य. पण आमच्या गाडीला क्लच आणि गिअरचा दांडाच होता ना!

तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालत असेल तर मागून फिरायची भीती फारशी नाही. झटका आणि क्लचची झीज वाचते, इतकाच फायदा. शहरात हलक्या ब्रेकला ब्रेकचं पेडल वरच राहतं, पाय रेसपर्यंत नीट पोचत नाही, तिथे नादी लागू नका. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना कॉम्प्युटर रेस तोडतो. तुमची तशी आहे का, ते मोकळ्या मैदानात आधी तपासा.