पायथन ‘नुसती’ स्क्रिप्टिंगची भाषा?

प्रश्न: मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला पायथन आवडते, पण सीनिअर म्हणतात, ती नुसती स्क्रिप्टिंगची भाषा, नोकरी हवी तर सी++ किंवा जावाच कर. संध्याकाळी बाबांच्या कृषी सेवा केंद्राचा हिशोब मीच सांभाळते, त्यामुळे सगळ्याला वेळ पुरत नाही. काय निवडू?

उत्तर: तुझ्या पत्रातला ‘नुसती’ हा शब्द मला खटकला, म्हणून आधी त्याबद्दल. स्क्रिप्ट म्हणजे एखादं काम आपोआप उरकणारा छोटा प्रोग्राम. जावास्क्रिप्टही अशीच स्क्रिप्टिंगची भाषा. तिचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये १० दिवसांत लिहिला, तोही वेबपानातली बारीकसारीक कामं करण्यासाठी. २००९ मध्ये नोड.जेएस हे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन आलं आणि तीच भाषा सर्व्हरवरही सर्रास चालू लागली. कंपनीत गेलीस की दिसेल, मुख्य प्रॉडक्ट जावात असलं तरी रात्रीचा बॅकअप, नवा कोड आला की आपोआप चालणाऱ्या टेस्ट, एका सिस्टीमची माहिती दुसरीला पुरवणं ही कामं बऱ्याचदा बॅश (लिनक्सवर कमांड देण्याची भाषा) नाहीतर पायथनच्या स्क्रिप्टच करतात.

सीनिअरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पायथन सी++पेक्षा बरीच हळू चालते. म्हणूनच नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा गाभा सीमध्ये लिहिला आहे. आपण पायथनची एक ओळ लिहितो, राबते सी. तेव्हा कॉलेजातला सीचा पेपर पाठांतरावर काढू नकोस, पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आणि मेमरी नीट समजून घे. जावा पुढच्या वर्षी घेतलीस तरी चालेल.

वेळ नाही म्हणतेस, तर दुकानाच्या कामातच शीक. उधारीच्या बारा महिन्यांच्या एक्सेल शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून सेव्ह कर आणि कोणाकडे किती बाकी आहे, हे काढणारी स्क्रिप्ट लिही. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. पहिल्याच दिवशी घोळ होईल: एका शीटमध्ये ‘पाटील’, दुसरीत ‘पाटिल’, आणि एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती दिसतील. मग नावाऐवजी मोबाइल नंबरवर जुळवावंसं वाटेल, तर दोघा भावांनी एकच नंबर दिलेला निघेल. ही गुंतागुंत तू कशी सोडवलीस, ते मुलाखतीत जरूर सांग.

कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेव, पण गिऱ्हाइकांची नावं-नंबर त्यात जाऊ देऊ नकोस. आणि दिवाळीच्या सुट्टीत ती यादी छापून बाबांच्या हातात दे. त्यांनी वहीशी ताडून चूक दाखवली, तर ती दुरुस्त कर आणि मगच पुढच्या भाषेला हात घाल.