एवढ्याशा ओढ्यावर कापडगिरणी कशी चालायची?

तुमचा प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात जंगलातल्या लहान ओढ्यांवर पडके दगडी बंधारे दिसतात, तिथे कापडगिरणी होती असं लोक सांगतात, पण ओढ्याला गुडघाभरही पाणी नाही. मग गिरणी चालायची कशी आणि या बंधाऱ्यांचा इतिहास काय? माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा.

बंधारा रात्रीचं पाणी दिवसासाठी राखून ठेवायचा. समजा, ओढ्यातून सेकंदाला 200 लिटर पाणी येतं आणि ते 5 मीटर खाली पडतं. त्यातून जेमतेम 10 किलोवॉट शक्ती मिळणार आणि तीही लाकडी चाकात बरीच वाया जाणार. पण रात्रीचे 12 तास बंधाऱ्याचा दरवाजा बंद ठेवला, तर साडेआठ हजार घनमीटरच्या वर पाणी तळ्यात साठतं आणि सकाळी चाकाला दुप्पट पाणी मिळतं. लोकर पिंजायची किंवा सूत कातायची छोटी गिरणी तेवढ्यावर चालायची. पुष्कळ ठिकाणी बंधारा कापडगिरणीच्याही आधीचा असे. पिठाच्या चक्कीसाठी किंवा लाकूड कापायच्या गिरणीसाठी तो बांधलेला असायचा, कापडवाले नंतर आले.

कापडवाल्यांची सुरुवात ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला झाली. इंग्लंडमध्ये डर्बिशायरच्या जेडेडाया स्ट्रट या सूतगिरणीवाल्यांकडे उमेदवारी केलेला सॅम्युअल स्लेटर 1789 साली अमेरिकेत आला. 1790 च्या अखेरीस त्याने पाण्यावर सूत कातून दाखवलं आणि 1793 मध्ये ब्लॅकस्टोन नदीवर त्याची गिरणी उभी राहिली. पुढे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या 1812 च्या युद्धाच्या काळात इंग्लंडचं कापड येईना, तेव्हा ओढ्याओढ्यावर गिरण्या निघाल्या. 1815 ला शांतता झाली, स्वस्त विलायती माल परत आला आणि त्यातल्या कितीतरी बुडाल्या. जंगलातले काही पडके बंधारे तेव्हाच ओस पडले असणार, असं मला वाटतं.

या इतिहासात मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती भांडणांची. ओढ्यावर वरच्या गिरणीवाल्याने दरवाजा बंद केला की खालच्याचं चाक थांबतं. त्याने पाणी एकदम सोडलं की खालच्याचं तळं भरून पाणी सांडव्यावरून फुकट जातं. शेतकऱ्याची कुरणं पाण्याखाली जातात, समुद्रातून अंडी घालायला वर येणारे मासे भिंतीशी अडतात. मॅसॅच्युसेट्सने तर 1714 मध्येच कायदा केला होता : गिरणीवाल्याने दुसऱ्याची जमीन बुडवली तर भरपाई द्यावी, बंधारा मात्र राहील. शेतकऱ्यावर तो अन्यायच होता, असं माझं मत आहे. पॉटकेटच्या बंधाऱ्यांचा आणि गिरण्यांकडे पाणी नेणाऱ्या चराचा वाद 1827 साली न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्यापुढे गेला. वाहतं पाणी कोणा एकाच्या मालकीचं नाही, काठावरच्या प्रत्येकाने ते इतरांचं नुकसान न होईल अशा वाजवी रीतीने वापरावं, हे तत्त्व त्यांनी मांडलं. अमेरिकेच्या पाणीकायद्यात तो निकाल आजही महत्त्वाचा मानतात.

गिरण्या वाढल्या तसं एका रात्रीचं पाणी पुरेना, म्हणून मालकांनी मिळून डोंगरात मोठी तळी बांधली. मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्सबर्गच्या वर मिल रिव्हरवर रेशीम, लोकर आणि पितळेच्या कारखानदारांनी असाच मातीचा बंधारा बांधला, तोही पैसे वाचवून. तो पहिल्यापासून पाझरत होता. 16 मे 1874 च्या सकाळी तो फुटला आणि 139 माणसं गेली. राखणदार घोड्यावरून खाली दौडत गेला नसता तर आणखी कितीतरी गेली असती. त्यानंतर राज्याने बंधाऱ्यांच्या तपासणीचा कायदा केला.

तुमच्या बंधाऱ्याचा काळ काढायचा असेल तर आधी दगडांच्या कडा पाहा. दगड फोडायला पाचर मारायच्या खाचा चपट्या असतील तर काम बहुधा 1830 च्या आधीचं. अर्ध्या नळीसारखे गोल चर दिसले तर नंतरचं. मग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दस्त नोंदणी कार्यालयात जा (कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये ही नोंद गावाच्या कार्यालयात असते). बंधाऱ्याचा पाणी वापरायचा हक्क जमिनीपासून वेगळाही विकला जायचा, त्यामुळे खरेदीखतांत गिरणी कोणाकडून कोणाकडे गेली ते सापडतं, कधी कधी तर पाणी किती उंचीपर्यंत अडवायचं तेही लिहिलेलं असतं. ओढ्याचं नाव आणि दगडांचे फोटो इथे टाकलेत तर मीही बघेन.