वर्षाचे आकडे आणि तुमचा दावा

जिल्हा न्यायालयांनी वर्षभरात किती प्रकरणं निकाली काढली याची बातमी छापून आली की आमच्याकडे तेच ते प्रश्न येऊन पडतात. यावेळी सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

प्रश्न : पुढची तारीख वकिलांना न विचारता कळते का?

कळते. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाका. ही सोय फुकट आहे. ‘तारीख काढून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

प्रश्न : मनाई हुकूम सहा महिन्यांनी आपोआप उठतो, असा मेसेज आला आहे. बांधकाम सुरू करू का?

करू नका. 2018 च्या एका निकालात स्थगितीबद्दल सहा महिन्यांची मुदत आली होती. 29 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं ती मोडीत काढली. मेसेज मात्र अजून फिरतोच आहे. हुकूम उठवायचा तर अर्ज करून उठवून घ्यावा लागतो. तो मोडलात तर मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी कैदही होऊ शकते. आधी हुकुमाची प्रत वकिलांना दाखवा.

प्रश्न : इतकी प्रकरणं निकाली निघतात, मग आमचा 2012 चा वाटपाचा दावा तिथेच कसा?

कारण आकड्याला तुमच्या दाव्याचं वजन कळत नाही. दंड भरून संपलेला वाहतुकीचा खटला एक, वादी हजर नाही म्हणून काढून टाकलेला दावा एक, आणि बारा वारसांची उलटतपासणी होऊन लागलेला निकालही एकच. देशातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणं पडून आहेत, न्यायाधीशांची पदं रिकामी आहेत, हे सगळं खरं. पण मला विचाराल तर तुम्ही आधी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयातली नोंद, वाचा. पहिल्या तारखेपासून, एकेक ओळ. ‘समन्सचा खर्च भरला नाही’, ‘वादीतर्फे मुदतीचा अर्ज’, ‘वारस दाखल करण्यासाठी’ असं किती वेळा आलंय ते मोजा. वाटपाच्या दाव्यात कुणीतरी वारतंच. मयताचे वारस त्याच्या जागी दाव्यात 90 दिवसांत लावायचे असतात. ते लावले नाहीत तर मयतापुरता दावा आपोआप संपतो, मग तो जिवंत करायला वेगळे अर्ज आणि वेगळी वर्षं. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनच तहकुब्या, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. ते किती पाळलं जातं हे पक्षकार, वकील आणि न्यायालय तिघांनाही ठाऊक आहे. विरुद्ध बाजूच्या तहकुबीला ‘हरकत नाही’ लिहून देणारेही आपलेच असतात. बरं, हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा अंमलात आणायचा आदेश, हाती आला की संपलं असंही नाही. सारा भरणारी शेतजमीन असेल तर सरस-निरस, म्हणजे चांगली-हलकी जमीन पाहून करायच्या, वाटपासाठी कागद त्याच संहितेच्या कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, आणि तिथला पाठपुरावा पुन्हा तुम्हालाच करावा लागतो. रोजनाम्याची नक्कल घेऊन वकिलांसमोर बसा. ‘कोर्ट करेल काय ते’ म्हणून घरी बसू नका.

प्रश्न : लोकअदालतीतली तडजोड नंतर पटली नाही तर अपील होतं का?

नाही. तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच आणि अंतिम असतो. कोर्ट फी परत मिळते, सही परत मिळत नाही. सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही, म्हणून मसुदा वाचल्याशिवाय आणि वकिलांना दाखवल्याशिवाय पेन उचलू नका.

प्रश्न : वकिलांची फी परवडत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अटही नाही.

प्रश्न : माझ्या गैरहजेरीत माझ्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाल्याचं कोर्टाचा बेलिफ दारात आल्यावर गेल्या आठवड्यात कळलं. दिवाळीनंतर वकील गाठला तर चालेल?

चालणार नाही. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला कळल्यापासून 30 दिवस मिळतात, आणि त्यातला आठवडा तुम्ही घालवलात. ते बजावलं होतं की नाही, हे कागद पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. नकलेचा अर्ज आजच द्या आणि तिथूनच वकिलांकडे जा.