वाचकांचे प्रश्न : बेस ऐकूच येत नाही!

माझा मुलगा बारावीला आहे. पाच वर्षं गिटार शिकला. कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाले आधीच तीन, म्हणून आता बेस, म्हणजे खर्जातले सूर देणारी चार तारांची गिटार, वाजवतो. मी त्यांचं गाणं मोबाइलवर ऐकलं, तर याचं वाजवणं मला कुठे सापडलंच नाही. बाकीचे पुढे आणि हा मागे, ड्रमच्या शेजारी. यावर पोट भरतं का?
– एक वडील, डोंबिवली

माझ्याही वाट्याला बेस असाच आला. गिरगावातल्या आमच्या ऑर्केस्ट्रात दोन गिटारवाले माझ्यापेक्षा बरे होते. बेसवाला नोकरीसाठी दुबईला गेला आणि मास्तरांनी त्याचं वाद्य माझ्या गळ्यात घातलं. अक्षरशः गळ्यात, चारेक किलोंचं असतं ते.

आधी मोबाइलचं सांगतो. गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, बेसची ४१ वेळा. म्हणजे बरोब्बर एक सप्तक खाली. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो खर्ज झेपत नाही, तुम्हाला मिळते ती सुराची वरवरची साल. बरे हेडफोन लावून तेच गाणं पुन्हा ऐका. तरीही सापडला नाही, तर मुलाला म्हणावं, एक कडवं तू थांब आणि बाकीच्यांना वाजवू दे. डग्गा काढून घेतला आणि नुसता तबला उरला तर कसं वाटेल, तसं वाटेल. मग कळेल तो कुठे होता ते.

आता पोटाचं. जेम्स जेमर्सन नावाचा बेसवादक डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत होता. साठच्या दशकात त्या कंपनीची जी गाणी जगभर गेली, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत बेस त्याचा आहे. मूळचा उभा डबल बेस वाजवणारा. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा, आणि त्या एका बोटाने असे काही आडवळणाचे सूर काढायचा की गायक एक गाणं म्हणतोय आणि खाली हा दुसरं, तरी दोन्ही एकमेकांत बसलेली. पण रेकॉर्डवर त्याचं नाव नसायचं. मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर ते पहिल्यांदा छापून आलं १९७१ मध्ये, गायक मार्विन गेच्या. पुढच्याच वर्षी कंपनीने बस्तान लॉस एंजलिसला हलवलं, याचं काम ओसरत गेलं आणि १९८३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. रॉकवाल्यांच्या मानाच्या यादीत त्याला घेतलं २००० मध्ये.

घाबरवायला सांगत नाहीये. पहिल्या दर्जाचं वाजवणाऱ्याचीही ही गत होऊ शकते, एवढं माहीत असू द्या. मी स्वतः २६ वर्षं बँकेत नोकरी केली. संध्याकाळी साडेपाचला टेबल आवरायचं आणि बेस खांद्यावर मारून लोकलचा मालडबा गाठायचा. साध्या डब्यात त्या पेटीला जागा नाही. मालडब्यात कोळणींच्या पाट्यांशेजारी उभं राहून मी निम्मी गाणी पाठ केली आहेत. वाद्याला सुरमईचा वास लागतो, पण कोणी 'जरा सरका' म्हणत नाही.

फोन कोणाला येतो, ते सांगतो. वेगवान बोटांच्या मुलाला एकदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो वेळेवर पोचणाऱ्याला, पिशवीत जादा केबल ठेवणाऱ्याला आणि गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली तर तोंड वाकडं न करणाऱ्याला. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये एका बाईंनी पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी सांगितलं, 'घसा बसलाय, काळी दोन नको, काळी एकमधून घेऊ.' गिटारवाल्याने कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, सरकवला, झालं. बेसला असली सोय नसते. अख्खा कार्यक्रम हात वाद्याच्या दांडीवरचे दोन पडदे खाली ठेवून वाजवायचा, आणि बोटांना सवय जुन्या जागांची! त्या रात्री मी एकही जादा सूर घेतला नाही, कारण घ्यायची हिंमतच नव्हती. बाईंना ते इतकं आवडलं की पुढची सहा वर्षं त्यांचे कार्यक्रम माझ्याकडे होते.

त्याच्या आधी पार्ल्याच्या दीनानाथला उलटं झालं होतं. भावगीतांचा कार्यक्रम. जेमर्सन नुकताच कानात भरलेला, म्हणून मी जागा दिसेल तिथे सूर भरत होतो. मध्यंतरात चहाचा कप हातात देत आमचे तबलजी म्हणाले, 'तुझं चांगलंय रे, पण तू गाण्याच्या अंगावर चढतोयस.' वर असंही म्हणाले की समेवर ये, मध्ये काय करतोस ते मला ऐकू येता कामा नये. मला राग आला होता. उत्तरार्धात मुद्दाम नुसता षड्ज-पंचम वाजवला, की बघा आता किती मिळमिळीत लागतंय. लोकांनी वन्स मोअर घेतला. अजून सांगताना थोडं चिडायला होतं.

तेव्हा मुलाला पदवी पूर्ण करू दे, कॉर्ड आणि नोटेशन वाचायला शिकू दे आणि बेस सोडायला लावू नका. एका बँडमध्ये तीन गिटारवाले असतात, बेसवाला शोधावा लागतो. हिशेब तुम्हीच करा.

'दम मारो दम'च्या सुरुवातीची गिटार कोणी वाजवली? घरात पैज लागली आहे.
– वाचक, माहीम

भूपिंदर सिंग. होय, तेच गझलवाले. दिल्लीच्या आकाशवाणीवर गिटार वाजवायचे, मदनमोहनांनी मुंबईला बोलावलं. 'चुरा लिया है'च्या सुरुवातीला ऐकू येते ती गिटारही त्यांचीच. पंचमच्या, म्हणजे राहुलदेव बर्मनच्या, ताफ्यात ऱ्हिदम गिटारला भानू गुप्ता आणि बेसला टोनी वाझ. 'कर्ज'मधली, १९८० ची, ती जन्मोजन्मी पिच्छा पुरवणारी धून गोरख शर्मांची, प्यारेलालजींचे भाऊ. वाजवणाऱ्यांतले कितीतरी गोव्याचे. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक खोल्यांत, राहायचे आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वर्तमानपत्रासारखं वाचायचे. यांतली किती नावं रेकॉर्डच्या पाकिटावर सापडतात ते बघा आणि पैज जिंकलेल्या पैशांतून जुन्या बाजारातून एक पाकीट आणा.

लालबागला चाळीत राहतो. रात्री दहानंतरच रियाजाला वेळ मिळतो आणि शेजारचे आजोबा भिंत ठोकतात. काय करू?
– वाचक, लालबाग

वेस माँटगोमेरी हे नाव ऐकलंयस का? इंडियानापोलिसचा जॅझ गिटारवादक. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबमध्ये वाजवणं. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, बाजूला ठेवलं आणि नुसत्या अंगठ्याने तारा छेडायला लागला, असं सांगतात. तो मऊ, गोल आवाज पुढे त्याची ओळख झाला. एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवत नेण्याची त्याची पद्धत आज प्रत्येक जॅझवाला शिकतो.

तुझी गिटार इलेक्ट्रिक असेल तर अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, लावूच नकोस. वाद्याचं डोकं, म्हणजे खुंट्यांचा भाग, लाकडी दाराला किंवा कपाटाला हलकेच टेकव आणि वाजव. लाकूड घुमतं, तुला स्वच्छ ऐकू येतं, आजोबांना नाही. फक्त ते लाकूड आजोबांच्या बाजूच्या भिंतीला लागून नको. लोखंडी कपाटावर करू नकोस, आतले हँगर वाजतात.

माझी बोटं आखूड आहेत. क्लासमधले सर म्हणतात, मुलींनी बेसच्या नादी लागू नये. खरं आहे का? मी पंधरा वर्षांची आहे.
– वाचक, ठाणे

सरांना कॅरोल के माहीत नसावी. लॉस एंजलिसच्या स्टुडिओंत आधी गिटार वाजवायची. १९६३ च्या सुमारास एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून हिने बेस हातात घेतला, तो कायमचा. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बमवर तिचा बेस आहे. बोटांनी नाही, पिकने वाजवायची, तारांवर फेल्टचा तुकडा दाबून, म्हणजे सूर रेंगाळत नाही, टपकन पडतो. मी तेच काम घोडीजवळ भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा खुपसून करतो.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? मोहिनी डे मुंबईतलीच. वडील बेसवादक, शिकली त्यांच्याकडे. रहमान, झाकीर हुसेन, अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वाय, सगळ्यांबरोबर वाजवून झालं, स्वतःचा अल्बम २०२३ मध्ये आला. वेगात वाजवते, पण आधी तिचा ताल ऐक. बोल तोंडाने म्हणत तेच बेसवर काढते.

नेहमीच्या बेसची तार ३४ इंची असते, ३० इंचीही मिळते. दुकानात जाऊन दोन्ही गळ्यात घालून बघ. सरांना नेऊ नकोस.

आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, मग चार तारा शिकायच्या कशाला?
– वाचक, कल्याण

१९९० नंतर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने माझे अर्धे कार्यक्रम नेले, तेव्हा मीही हेच म्हणायचो. पण एक गंमत ऐका. रोलँड कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं यंत्र काढलं, बेसवाला नसेल तर त्याच्या जागी वाजवायला. बेस म्हणून कोणालाच फारसं पटलं नाही. मुंबईचे चरणजित सिंग, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. खपली नाही. २०१० मध्ये परदेशात ती पुन्हा निघाली, तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला, पुढे परदेशात त्याच यंत्रावर गाजलेल्या 'अॅसिड हाउस' नावाच्या नाचाच्या संगीतासारखं हे मुंबईत इतक्या आधी कसं झालं म्हणून. यंत्र सगळ्यांना मिळत होतं. भैरवात कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं.

बेसच्या तारा किती दिवसांनी बदलाव्यात? फार महाग आहेत.
– वाचक, परळ

जेमर्सन तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्याला तो मेलेला, धप्प आवाजच हवा असायचा. तुम्हाला झणझणीत हवा असेल तर तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळा, घामाचा मळ सुटतो, मग पुसून पूर्ण वाळवा. काही दिवस नव्यासारख्या वाजतात. मी हे चहाच्या पातेल्यात करत असे. आता आमच्याकडे एका पातेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशची फुली आहे आणि ते स्वयंपाकघरात नाही, माझ्या अॅम्पवर असतं.